बुधवारी कट, शुक्रवारी चेक

टीव्हीवर गोल्फ दिसतं ते बहुतेक शेवटच्या दिवसाचं. हिरवळ, दुतर्फा प्रेक्षक, शेवटचा पट (चेंडू होलात ढकलायचा फटका), टाळ्या आणि हातात मोठा चेक. व्यावसायिक गोल्फपटूचं पोट मात्र त्या दिवसावर अवलंबून नसतं. ते ठरतं आठवड्याच्या मध्यावर, दुसऱ्या दिवसाचा खेळ संपल्यावर. त्या संध्याकाळी निम्म्याहून जास्त खेळाडूंचा खेळ संपतो आणि त्यांना एक रुपयाही मिळत नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, बॅग वाहणाऱ्या कॅडीची मजुरी, प्रवेशशुल्क हे सगळं तोवर खिशातून गेलेलं असतं. क्रिकेटपटूला संघ असतो, संघाची बस असते, सामन्याचं मानधन असतं. गोल्फपटू दर आठवड्याला स्वतःच्या पैशाने धंद्यात उतरतो. या खेळातलं कौशल्य समजून घ्यायचं तर आधी हा आठवडा समजून घ्यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

त्यासाठी पनवेल ही जागा फार सोयीची आहे. पनवेल तालुक्यातल्या खारघरला, पांडवकड्याच्या धबधब्याजवळच्या डोंगरांच्या कुशीत, सिडकोने उभारलेलं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे. ते २०१२ मध्ये ११ होलांनी सुरू झालं आणि पुढे १८ होलांपर्यंत नेण्याचं काम सिडकोने हाती घेतलं. क्लबचं सभासदत्व नसलेल्या माणसालाही शुल्क भरून खेळता यावं, या कल्पनेवर हे मैदान उभं राहिलं. मुंबईत गोल्फ म्हटलं की चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (स्थापना १९२७) किंवा विलिंग्डन क्लब आठवतं. तिथे आत जायला सभासद असावं लागतं, नाहीतर सभासदाचा पाहुणा. म्हणून खारघरच्या मैदानाचं महत्त्व त्याच्या लांबीरुंदीहून मोठं आहे.

दुसरं म्हणजे वाटा. कळंबोलीहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. पनवेल स्थानकातून कोकण रेल्वेने दक्षिणेकडे जाता येतं आणि उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही पकडता येतात. आता त्यात नवी मुंबईच्या विमानतळाची भर पडली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. ज्याला वर्षातले वीसेक आठवडे घराबाहेर काढायचे आहेत, त्याच्यासाठी विमानतळ तालुक्यातच असणं ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी पहाटेच्या विमानासाठी सायन-पनवेल महामार्गाने मुंबईच्या सहार विमानतळापर्यंत जायचं म्हणजे अर्धी रात्र रस्त्यावरच जायची.

भारतातला पुरुषांचा व्यावसायिक दौरा चालवते ती संस्था म्हणजे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, सगळे तिला पीजीटीआय म्हणतात. ती २००६ मध्ये सुरू झाली. २०२४ पासून तिच्या अध्यक्षपदी कपिल देव आहेत, जे क्रिकेट सोडल्यावर गोल्फमध्ये चांगलेच रमले. जगातल्या मोठ्या दौऱ्यांवर स्पर्धा गुरुवार ते रविवार चालते. पीजीटीआयच्या स्पर्धा मात्र बहुतेकदा मंगळवार ते शुक्रवार असतात. शनिवार-रविवारी क्लबच्या सभासदांना त्यांचं मैदान मोकळं लागतं, हे त्यामागचं साधं कारण. म्हणजे खेळाडूचा आठवडा शनिवारी किंवा रविवारी प्रवासाने सुरू होतो.

प्रवासातली पहिली अडचण बॅगेची. नियमाप्रमाणे खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे फटके मारायच्या काठ्या, नेता येतात. ते, चेंडूंचे डबे, छत्री, बूट, पावसाचे कपडे हे सगळं मिळून बॅग सहज १५ किलोंच्या वर जाते. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर तेवढंच सामान चालतं, आणि कपड्यांची बॅग वेगळीच. तेव्हा जादा सामानाचे पैसे आलेच. शिवाय काठ्या वाटेत मोडू नयेत म्हणून कडक आवरण लागतं. ड्रायव्हर या लांब फटक्याच्या काठीचा दांडा ग्रॅफाइटचा असतो. तो तडकला तर सोमवारच्या सकाळी अनोळखी गावात दुसरा कुठून आणणार?

दौरा जातो तरी कुठे कुठे! अहमदाबाद, हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू, कोलकाता, चंदीगड, गुरुग्राम, नोएडा. जमशेदपूरला बेल्डीह आणि गोलमुरी अशी दोन मैदानं आहेत. सर्वांत दूरचं नाव म्हणजे आसामातलं डिग्बोई. तिथे तेलविहिरींच्या गावात इंडियन ऑइलची सर्व्हो मास्टर्स स्पर्धा भरत आली आहे. पनवेलहून डिग्बोईला जायचं म्हणजे विमान बदलत डिब्रुगड गाठायचं आणि पुढे गाडीने.

या गावांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, कारण गाव बदललं की चेंडूही वेगळा वागतो. याचं सर्वांत जवळचं उदाहरण आपल्या बोरघाटाचं आहे. पनवेल समुद्रसपाटीला लागून, तर पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर. वर हवा विरळ होते आणि चेंडूला होणारा अवरोध कमी होतो. गोल्फमध्ये एक ढोबळ हिशेब धरतात: दर हजार फुटांना चेंडू एक टक्क्याहून किंचित जास्त लांब जातो. त्याप्रमाणे खारघरला १५० यार्ड जाणारा फटका पुण्याला तीन यार्ड पुढे पडेल आणि सव्वानऊशे मीटर उंचीच्या बंगळुरूत पाचेक यार्ड. पाच यार्ड म्हणजे साडेचार मीटर. होलाच्या अलीकडे थांबणारा चेंडू त्या फरकाने ग्रीनच्या, म्हणजे होलाभोवतीच्या आखूड गवताच्या, मागच्या खड्ड्यात जाऊ शकतो. विरळ हवेत आणखी एक गोष्ट घडते. चेंडूवरच्या तीन-चारशे खळग्यांमुळे त्याला जी उचल मिळते, तीही कमी होते. त्यामुळे तो थोडा खालून, सपाट जातो आणि पडल्यावर जास्त घरंगळतो. दमट हवा जड असते आणि चेंडू अडवते, असं कोकणपट्टीत खेळणारे बरेच जण म्हणतात. प्रत्यक्षात तापमान आणि दाब तोच असेल तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. पावसाळी दिवशी चेंडू कमी जातो तो ओल्या गवतामुळे, ओल्या क्लबमुळे आणि मऊ जमिनीमुळे.

म्हणून सोमवारचा सराव फार महत्त्वाचा. प्रेक्षकाला तो कंटाळवाणा वाटेल, कारण त्यात कुणी गुण मोजत नाही. खेळाडू एकाच ग्रीनवर चार-पाच चेंडू वेगवेगळ्या दिशांना सोडून पाहतो. आज होल ज्या जागी आहे तिथे तो मारतच नाही. उद्या-परवा होल जिथे हलवला जाईल असा त्याचा अंदाज असतो, तिकडे मारतो. होलचा व्यास सगळीकडे १०८ मिलिमीटर, पण त्याची जागा रोज बदलते. हातात यार्डेज बुक असतं, म्हणजे प्रत्येक होलाचा नकाशा आणि अंतरं लिहिलेली छोटी वही. त्यात तो स्वतःच्या खुणा करतो: इथे उतार डावीकडे, इथे गवताचा कल उताराच्या उलट. आपल्याकडच्या उष्ण हवेत ग्रीनवर बहुतांशी बर्म्युडा जातीचं गवत असतं. त्याची पाती एका दिशेला वळून वाढतात आणि चेंडूला त्या बाजूला ओढतात. सकाळी गवत ताजं कापलेलं असताना चेंडू एक वळण घेतो, दुपारी पाती वाढल्यावर दुसरं.

ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर वापरतात. हे जवळजवळ तीन फूट लांबीचं, खाचेची पन्हळ असलेलं साधं उपकरण. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकी हौशी गोल्फपटूने ते १९३५ मध्ये बनवलं. पन्हळीच्या खाचेत चेंडू ठेवून तिचं टोक हळूहळू उचलायचं. ठरावीक कोनाला चेंडू आपोआप सुटतो आणि ग्रीनवर जितके फूट घरंगळतो तो त्या ग्रीनचा वेग. आठ म्हणजे संथ, दहा मध्यम, बाराच्या वर म्हणजे काचेवर पट करायचा. गेल्या आठवड्यात आठच्या ग्रीनवर खेळलेल्या हाताला या आठवड्यात अकराची सवय करायला एकच दिवस मिळतो.

मंगळवारी खरा खेळ सुरू होतो. साधारण सव्वाशे खेळाडू, तिघातिघांचे गट. काही गट पहिल्या टीवरून, म्हणजे पहिल्या होलाच्या सुरुवातीच्या जागेवरून, निघतात, काही दहाव्या. मंगळवारी ज्याला पहाटेची वेळ मिळाली त्याला बुधवारी दुपारची मिळते, म्हणजे वाऱ्याचा आणि उन्हाचा वाटा समान होतो. वेळेच्या बाबतीत नियम कडक आहेत. टीवर पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटक्यांचा दंड, त्याहून उशीर झाला तर स्पर्धेतूनच बाद. हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९ पूर्वी ती पाच होती. कुठला क्लब घेऊ, हे सहस्पर्धकाला विचारलं तरी दोन फटके वाढतात. सल्ला विचारायचा तो फक्त आपल्या कॅडीला.

सगळ्यात मोठी जबाबदारी कागदाची. गोल्फमध्ये आपले फटके सहस्पर्धक लिहितो आणि शेवटी आपण तपासून सही करतो. एखाद्या होलावर खऱ्यापेक्षा कमी फटके लिहिलेल्या कार्डावर सही झाली, तर सर्वसाधारणपणे खेळाडू बाद. जास्त लिहिले गेले असतील तर ते जास्तीचेच कायम. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो डी विचेंझोने ६५ फटक्यांची फेरी ६६ लिहिलेल्या कार्डावर सही करून दिली आणि त्या एका आकड्याने विजेतेपदाचा प्लेऑफ त्याच्या हातून गेला. साडेचार-पाच तास चालून, आठ-दहा किलोमीटर तुडवून, उन्हाने डोकं तापलेलं असताना हे कार्ड तपासावं लागतं.

बुधवारी संध्याकाळी कट लागतो. पीजीटीआयच्या नेहमीच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांनंतर पहिले ५० आणि पन्नासाव्या जागेवर बरोबरीत असलेले पुढे जातात. उरलेल्या सत्तरेक खेळाडूंना काहीच मिळत नाही. अमेरिकेच्या पीजीए टूरवर हीच रेघ ६५ वर असते. पैसे कसे वाटले जातात तेही पाहण्यासारखं आहे. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाख मिळतात, मग रक्कम झपाट्याने उतरत जाते आणि तळाशी पोहोचेपर्यंत आठवड्याचा खर्च कसाबसा निघेल इतकीच उरते. समजा, एका आठवड्याचा प्रवास, खोली, जेवण, कॅडी आणि शुल्क मिळून चाळीस हजार खर्च झाले. वीस आठवड्यांचे आठ लाख होतात. त्यातल्या दहा स्पर्धांत कट चुकला, तर उरलेल्या दहांनी वीसांचा खर्च भरून काढायचा. त्यामुळे बुधवारी दुपारी शेवटच्या चार होलांवर जे दडपण असतं, ते मला शुक्रवारच्या दडपणापेक्षा खोल वाटतं. शुक्रवारी प्रश्न किती मिळणार हा असतो. बुधवारी मिळणार की नाही हा.

कॅडीचं उत्पन्नही याच रेघेला बांधलेलं असतं. अमेरिकी दौऱ्यावर रूढ मोजणी अशी: आठवड्याची ठरावीक रक्कम, शिवाय कट पार केला तर बक्षिसाचे पाच टक्के, पहिल्या दहात आला तर सात, जिंकला तर दहा. आपल्याकडे रकमा लहान, पण तत्त्व तेच. खेळाडूचा कट चुकला की कॅडीचेही दोन दिवस गेले.

या बाबतीत ऑलिम्पिकचं गोल्फ हा पूर्ण उलटा आठवडा आहे. टोकियोत, जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये, पुरुषांच्या स्पर्धेत ६० खेळाडू होते. तिथे कट नसतो आणि बक्षिसाची रक्कमही नसते. त्या साठांत पुण्यात राहणारा उदयन माने होता. पीजीटीआयवर दहाहून अधिक स्पर्धा जिंकलेला हा खेळाडू पात्रतेच्या यादीतून अगदी शेवटी बाहेर ढकलला गेला होता. मग अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियोने माघार घेतली आणि जुलैच्या सुरुवातीला मानेला जागा मिळाली. पात्रता जागतिक क्रमवारीवर ठरते आणि क्रमवारी बनते ती दर आठवड्याच्या छोट्या-मोठ्या निकालांनी. हैदराबाद किंवा जमशेदपूरला खेळलेल्या एखाद्या शुक्रवारचे गुण दीड वर्षाने टोकियोजवळच्या कासुमिगासेकी मैदानापर्यंत पोहोचवतात, ते असे. पहिल्या दिवशी त्याला ७६ फटके लागले आणि तो तळाला गेला. दुसऱ्या दिवशी त्याने ६९ ची फेरी केली. कट असता तर पहिल्या दिवसाच्या त्या धक्क्याने बहुधा खेळ संपला असता. इथे तो चारही दिवस खेळला आणि ५६ वा आला.

पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीची गोष्ट दुसऱ्या टोकाची. मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये पावसाने वेळापत्रकाची पार वाट लावली. रविवारी संपायची स्पर्धा सोमवारी संपली. कॅमेरॉन स्मिथने ती एका फटक्याने जिंकली आणि लाहिरी दुसरा आला. दुसऱ्या क्रमांकाचे त्याला २१ लाख ८० हजार डॉलर मिळाले. एका आठवड्यात एवढी रक्कम, आणि त्याआधीच्या कितीतरी आठवड्यांत कट चुकलेला: या धंद्यातला पैसा असाच उसळ्या मारत येतो. लाहिरी त्याच वर्षी लिव्ह गोल्फ या वेगळ्या दौऱ्याकडे गेला. तिथे तेव्हा तीन फेऱ्यांच्या स्पर्धा असत, कट नव्हता आणि शेवटच्या खेळाडूलाही पैसे मिळत. त्या दौऱ्यावर टीका करणारे हाच मुद्दा काढत, की कटची भीती काढून घेतली तर स्पर्धेची धार जाते. प्रेक्षक म्हणून मला ते पटतं. पण खर्च स्वतः उचलणाऱ्या खेळाडूला तसा आधार हवासा वाटला, तर त्याला दोष देववत नाही.

भारतातल्या महिलांच्या दौऱ्यावर स्पर्धा बहुधा तीन दिवसांच्या, ५४ होलांच्या असतात. आठवडा एका दिवसाने आखूड, बक्षिसं बरीच कमी, पण तिकीट आणि खोलीचा दर काही कमी होत नाही. टोकियोत चौथी आलेली अदिती अशोक युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यांवर खेळूनच तिथवर गेली, यात हे गणितही आहे.

मग या धंद्यात उतरतं कोण? आपला समज असा की गोल्फ श्रीमंतांचं. हौशी गोल्फ बऱ्याच अंशी आहेच. पण भारतीय व्यावसायिक गोल्फची एक मोठी धारा कॅडींच्या घरातून आली. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी होता. त्याने १९९३ मध्ये ती पुन्हा जिंकली. २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ इंडियन ओपन जिंकणारा एसएसपी चौरसिया हा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळीची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा. १८२९ साली स्थापन झालेला हा क्लब ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. चौरसिया त्याच्या आवारात पाहून पाहून शिकला. मैदानाच्या कुंपणाच्या आत वावरायला मिळणं, हीच या मुलांची खरी शिष्यवृत्ती होती.

सार्वजनिक मैदान हे कुंपण जरा सैल करतं. खारघरच्या आसपासच्या गावांतल्या आणि सिडकोच्या सेक्टरांतल्या मुलांना क्लबच्या वशिल्याविना टीवर उभं राहता येतं, ही शक्यता मला फार मोलाची वाटते. अर्थात मैदान असणं पुरेसं नाही. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. या काळात फेअरवे चिखलाचे होतात, ग्रीनवर बुरशी येते, पाणी निघून जाण्याची व्यवस्था नसेल तर नुकसान दिवाळीपर्यंत भरून येत नाही. जिथे ग्रीन वर्षभर संथ आणि ओबडधोबड, तिथे वाढलेला मुलगा अकराच्या वेगाच्या ग्रीनवर पहिल्याच दिवशी गडबडतो. म्हणून सार्वजनिक मैदानाची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी नसते. ती गवत कापणाऱ्या यंत्रांच्या देखभालीवर, माळ्यांच्या पगारावर आणि मुलांसाठी ठेवलेल्या शुल्कावर असते. सरावाचे चेंडू स्वस्त असावेत, सकाळचे दोन तास शाळकरी मुलांसाठी राखून ठेवावेत, आणि जुन्या कॅडींना प्रशिक्षक म्हणून पगार मिळावा, एवढं तर सिडको किंवा पनवेल महानगरपालिकेला सहज करता येईल.

तिथून पुढची वाट ठरलेली आहे. आधी इंडियन गोल्फ युनियनच्या हौशी आणि कनिष्ठ गटाच्या स्पर्धा, त्यांत टिकणारी कामगिरी, आणि मग पीजीटीआयची क्वालिफाइंग स्कूल, म्हणजे पात्रता स्पर्धा. तिचा आधी प्राथमिक टप्पा असतो, त्यातून तरले तर चार फेऱ्यांचा अंतिम टप्पा. शेवटी वर आलेल्या मोजक्या जणांना वर्षभर दौऱ्यावर खेळण्याचं कार्ड मिळतं. वर्षअखेरच्या कमाईच्या यादीत पुरेसं वर राहिलं तर ते कार्ड टिकतं, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच रांगेत उभं राहायचं. या पात्रता स्पर्धेचाही प्रवास, खोली आणि कॅडी खेळाडूनेच पाहायचा असतो, आणि शुल्क पहिला फटका मारण्याआधी भरायचं असतं.